आईच्या हातचा चुडा

“वैजू, पाणी तापलंय का बघ गं जरा,” आई म्हणाली.

मी पातेल्याकडं बघितलं आणि माझ्या हातातली सांडशीच खाली पडली. पाण्याला वाफा सुटल्या होत्या, कडेनं बुडबुडे यायला लागले होते, आणि आमच्या मातोश्रींची करंगळी खुशाल त्यात बुडालेली!

“अगं आई! बोट काढ! आधी बोट काढ!”

तिनं बोट बाहेर काढलं. लालबुंद झालेलं. डोळ्यांसमोर धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. “भाजलं वाटतं,” म्हणाली.

“वाटतं? तुला कळलं नाही?”

“कळतंय की. जरा बधिर झालंय एवढंच. थंडीनं होतं असं.”

थंडी कसली डोंबलाची! दसरा व्हायचा होता अजून, बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. मी तिचा हात ओढून नळाखाली धरला. तो धरल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला मांसल भाग खोल गेला होता. तिथं खड्डा पडला होता. रोज तिच्याच हातचं जेवत होते मी, आणि तिचा हात असा वाळत चाललेला मला दिसला नव्हता.

श्रीगोंद्याच्या बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक ओटा आणि त्यावर मांडलेली लाकडी पेटी. मी चौथीत असताना वडील गेले, आणि तेराव्याचं सगळं उरकल्यावर आई त्या पेटीमागं जाऊन बसली ती बसलीच. पद्माबाई कासारीण म्हटलं की सासरी गेलेल्या मुलीसुद्धा माहेरी आल्यावर आवर्जून यायच्या. बायका म्हणायच्या, पद्माबाईच्या हातून बांगडी कधी चढली ते कळतच नाही. तिची पद्धत ठरलेली. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, उजवं कोपर पेटीच्या कडेवर घट्ट रोवायचं, आणि मग तोंडाची टकळी सुरू. “काय गं, जाऊबाईशी बोलणं सुरू झालं का पुन्हा?” बाई जावेचं गाऱ्हाणं सांगण्यात गुंगली की हिनं तिचा अंगठा आत दाबलाच, बोटांच्या मुळाशी चेपलंच, आणि बांगड्या मनगटावर. एकच गोष्ट ती प्रत्येकीला बजावायची. “हात सैल सोड. अगदी मेल्यासारखा सोड. तू मधे लुडबुड करायची नाहीस. चढवायचं काम माझं.”

कोपर रोवून रोवून तिथं तिला जाड घट्टा पडला होता. आम्ही सगळे तो कौतुकानं दाखवायचो.

आणि खरी गंमत, गंमत कसली, घात, तोच होता. आईचा हात वर्षभर बधिर होत होता. भाकरी थापताना करंगळी आपली बाजूला फाकायची. कुलपात किल्ली फिरेनाशी झाली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःवर उपाय मात्र भरपूर केले. कासारणीला हात आखडला की काय करायचं ते पाठ असतं. कोमट पाणी, साबणाचा फेस, खोबरेल, मग बोटांच्या मुळाशी चेपायचं. कडक हाताच्या बाईला ती हेच करायची, म्हणून स्वतःलाही तेच करत बसली. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की हात चोळायची, आणि चोळताना कोपर कुठं टेकवायची? त्याच पेटीच्या कडेवर! तिला काय, आम्हाला कुणालाच मनगटाच्या वर हात असतो याची आठवण नव्हती. आमचा सगळा धंदा मनगटाशी संपत होता.

भाजलेल्या बोटाचं निमित्त करून दसऱ्यानंतर मी तिला नगरला नेलं. माझं लग्न ठरलं होतं, बार्शीच्या उदयशी, मार्गशीर्षातलं. म्हटलं, लग्नाच्या गडबडीआधी हे एकदा निस्तरून टाकावं.

डॉक्टर निसळ म्हणून बाई होत्या. आवाज खणखणीत. त्यांनी आईच्या हातात एक कागद दिला, अंगठा आणि पहिल्या बोटात धरायला सांगितला, म्हणाल्या, “मी ओढते. सोडायचा नाही.”

डाव्या हातातून कागद फाटायची वेळ आली तरी सुटला नाही. उजव्या हातातून अलगद निघून गेला.

“पुन्हा ओढा,” आई म्हणाली. “माझं लक्ष नव्हतं.”

पुन्हा निघून गेला. मग डॉक्टरांनी तिचं कोपर दुमडून आतल्या बाजूला हलकेच टिचकी मारली, तशी आई दचकली. “अगंबाई! करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या!”

“जाणारच. दुखणं हातात नाहीये तुमच्या. इथं आहे, कोपरात.”

“कोपर तर कधी दुखलं नाही माझं.”

“कोपर आपटल्यावर जिथं करंट लागल्यासारखं होतं ना, ती ही जागा. इथून एक नस करंगळीकडं जाते, अगदी कातडीखालून. तुम्ही दिवसभर तिच्यावरच भार देता, वर हात दुमडलेला. झोपताना हात कुठं असतो?”

“उशाखाली घेते.”

“म्हणजे रात्रीही दुमडलेलाच. तिला बिचारीला कधी सुटकाच नाही.”

मी विचारलं, “औषधानं बरं होईल ना?”

त्यांनी चष्मा काढला. “सुरुवातीला आला असतात तर औषधाचीही गरज नव्हती. कोपर टेकायचं नाही, रात्री टॉवेल गुंडाळून हात सरळ ठेवायचा, एवढ्यानं भागलं असतं. आता मांस झडायला लागलंय. नस ऑपरेशन करून मोकळी करायला हवी, आणि लवकर. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पण उरलंय ते राहील. उशीर केलात तर तेही जाईल.”

आईनं एकच विचारलं. “नंतर बांगड्या कधी भरता येतील?”

“तीन महिने तरी जोर लावायचा नाही.”

आई उठली. पदर सारखा केला. “मग पोरीचं लग्न झाल्यावर येते.”

“अहो, हाताचा प्रश्न आहे तुमच्या!”

“हो ना,” आई म्हणाली. “म्हणूनच.”

परतीच्या एसटीत मी तिच्याशी भांडले. अगदी लोक वळून बघेपर्यंत भांडले. लग्न पुढं ढकलू म्हटलं, तर म्हणाली, “बिनबापाच्या पोरीची ठरलेली तारीख मोडायची? शहाणीच आहेस.” मी म्हटलं, “मग ऑपरेशन करून टाक आणि लग्नात हात गळ्यात बांधून बस. कन्यादान काका-काकूच करणार आहेत. तुला काय काम आहे?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

“चुडा भरायचाय मला तुझा.”

“शकूकाकू भरेल की! तीही कासारीणच आहे. तिचा हात काय वाईट आहे का?”

माझ्या आईनं मला लहानपणी मारलं असेल तेवढंच. मोठेपणी तिनं आवाजसुद्धा चढवला नव्हता. पण त्या दिवशी तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. “तुझा चुडा मी भरणार. पुन्हा हा विषय काढायचा नाही,” म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलेलं बाकी सगळं तिनं निमूट केलं. झोपताना मी तिच्या कोपराभोवती टॉवेल गुंडाळायची, वरून जुन्या साडीच्या पट्टीनं सैलसर बांधायची. ती लहान मुलीसारखी हात पुढं करून बसायची. “फळीच बांध की सरळ,” असं चिडवायची मला. पेटीच्या कडेला मी फोमची घडी चिकटवली. पण तुळशीची लग्नं लागली आणि लग्नसराई सुरू झाली. रोज नवऱ्या, रोज वऱ्हाडणी. घडीवर कोपर ठरत नाही म्हणून तिनं ती दोन दिवसांत उपटून टाकली. मी ओरडले. “एवढा महिना जाऊ दे गं,” म्हणाली. “हाताला सवय राहायला पाहिजे ना.”

त्या महिन्यात दुकानात किती काच वाढली (आमच्यात फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात) ते ती मला दिसू देत नव्हती. मी ओटा झाडायला गेले की आधीच झाडलेला असायचा.

हळदीचा दिवस उजाडला. दारात मांडव, घरात पाय ठेवायला जागा नाही. बाबा गेले तेव्हापासून मुरलीकाका आणि शकूकाकू यांनीच आमच्याकडं बघितलं होतं, दोघंही जीव लावणारी माणसं. मला पाटावर बसवलं. काकूनं तेल लावलं, हळद लावली, ओटी भरली. मग चुलत आत्यांनी लावली, शेजारणींनी लावली, बार्शीहून आलेल्या उदयच्या मावशीनं लावली.

मी आईला शोधत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उंबऱ्याच्या आत. हसत होती, कुणाला काय हवं नको विचारत होती, पण उंबरा ओलांडत नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं हो. कुणी तोंडानं काही बोललंही नाही. तेव्हा बोलावं लागायचंच नाही. विधवा बाई आपल्या पोरीच्या हळदीला हात लावत नाही, हे तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं, आणि बाकीच्यांनी सोयीस्कर मान खाली घातली होती. मलाही त्या क्षणापर्यंत ते नीट दिसलं नव्हतं. चीड आली मला. सगळ्यांची आली, माझीसुद्धा.

तेवढ्यात उदयची मावशी म्हणाली, “चला, चुडा भरून घ्या. कासारणीला बोलवा.”

आईला बोलवा, असं नाही म्हणाली. कासारणीला म्हणाली.

आणि आई उंबरा ओलांडून बाहेर आली. पदर खोचलेला, काखेत पेटी. बायकांनी दोन्ही बाजूंना सरकून तिला वाट दिली. कुणाच्या कपाळाला आठी नाही. कासारणीचं कपाळ कुणी बघत नाही, हातच बघतात. चुडा भरून झाला की नवरी भरणारीला वाकून नमस्कार करते आणि भरणारी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते, ही आमच्याकडची रीत. मग ती बाई सवाष्ण असो नाहीतर नसो. माझ्या सगळ्या लग्नात आईला माझ्या डोक्यावर चारचौघांत हात ठेवता येईल, अशी ही एकच जागा होती. त्यासाठी ती नगरच्या दवाखान्यातून उठून आली होती, आणि मी तिला एसटीत विचारलं होतं की तुला काय काम आहे.

ती माझ्यासमोर बसली. डावा हात पुढं केला मी. तिनं कोपर पेटीवर रोवलं.

“हात सैल सोड,” म्हणाली. आवाज अगदी दुकानातला. “काय गं नवरीबाई, सासूबाई तिखट आहेत का गोड?”

बायका हसल्या. मीही हसले. हिरव्या बांगड्या बोटांवर चढल्या, मुठीच्या हाडांपाशी आल्या आणि अडल्या. ती चेपत होती. मला तिच्या चेपण्यात जोरच लागत नव्हता. अंगठा दाबत होता, पण पलीकडून बोटांची साथ नव्हती, करंगळी आणि तिच्याशेजारचं, ती दोन बोटं माझ्या हातावर नुसती पडून होती. तिच्या कपाळावर घाम आला. मावशी बघत होती. काकू बघत होती.

मी हात आवळला. अंगठा स्वतःच आत मुडपला, हाडं जवळ घेतली आणि हात हळूच पुढं सारला. बांगड्या सरकन मनगटावर गेल्या.

“वा, पद्माबाई!” कुणीतरी म्हणालं.

आईनं घाम पुसला. पुढच्या घेतल्या. मी पुन्हा हात सारला. असा डावा हात भरला. दुखत होतं, पण माझ्या चेहऱ्यावर ते आलं नाही. मनात म्हटलं, निभावलं.

मग उजवा. नवरीचा उजवा हात तसाही जाड असतो, कामाचा. पहिल्या चढल्या. नंतरच्या अडल्या, मी सारायला गेले आणि नेमकं त्याच वेळी तिनंही जिवाच्या आकांतानं जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला.

सगळ्या बायका पुढं वाकल्या.

“वाढली गं एखादी,” आई पटकन म्हणाली. “वाढतेच.” तिनं तुकडे बाजूला केले, आणि मग तिला माझ्या मनगटावर रक्त दिसलं.

“अगं! लागलं तुला! कुठं लागलं बघू?”

तिनं पदरानं माझं मनगट पुसलं. पुसलेल्या जागी पुन्हा रक्त. तिनं माझा तळहात उलटा केला, बोटं उलगडून बघितली. जिथं जिथं हात लावला तिथं तिथं लाल. “अगं, थांबत कसं नाही हे? वैजू, कुठं कापलंय, सांग की बाई! हळद आणा कुणीतरी! पोरीच्या हाताला...” तिचा आवाज फाटला. ती माझा हात पुसत होती, आणि पुसता पुसता तो आणखी माखत होता.

“आई,” मी म्हटलं. “माझं नाहीये.”

“काय?”

“रक्त माझं नाहीये. तुझं आहे.”

तिनं आपला हात वर केला. करंगळीत हिरव्या काचेचा तुकडा रुतून उभा होता. चांगला आत गेलेला. रक्त कोपराकडं ओघळत होतं. आणि ती त्याच्याकडं बघत होती. शकूकाकू धावली, तिनं तो तुकडा ओढून काढला. आईच्या तोंडातून साधं स्स्‌ सुद्धा आलं नाही. तिला काढलेलाही कळला नाही. तिथं बसलेल्या प्रत्येक बाईनं ते बघितलं.

काकूनं बोटाला चिंधी बांधली. मग आई उठली.

“शकू, बस इथं. उरलेला हात भर.”

“अहो वहिनी, होईल तुमच्याच्यानं. थोड्याच तर राहिल्यात. मी धरते हवं तर...”

“बस म्हटलं ना.”

काकूनं भरला. डोळे पुसत पुसत भरला, पण तिचा हात चांगला होता, बांगड्या अडल्या नाहीत. भरून झाल्यावर मी उठले आणि सरळ आईपाशी गेले. मी वाकणार तेवढ्यात ती मागं सरली.

“माझ्या नाही. काकूच्या पड.”

“आई, डावा हात तू भरलास ना! सगळ्यांनी बघितलंय.”

“भरणारीच्या पाया पडायचं असतं, वैजू. रीत आहे आपली. मंडळी खोळंबलीत, पड जा.”

मी काकूच्या पाया पडले. आईनं सांगितलं म्हणून पडले. काकूनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तीच हुंदके द्यायला लागली. मी मान वळवून बघितलं तर आई पेटी काखेत घेऊन स्वयंपाकघरात गेली होती. उंबऱ्याच्या आत.

पौषात असलं काही करायचं नाही म्हणून ऑपरेशन माघावर गेलं. उदय स्वतः घेऊन आला आम्हाला नगरला. डॉक्टर निसळ नंतर मला बाहेर बोलावून म्हणाल्या, नस मोकळी केली आहे, झिणझिण्या थांबतील. पण आत ती पार चपटी झालेली होती, दोन बोटांत जीव येईल असं वाटत नाही. “बांगड्या?” मी विचारलं. त्यांनी मान हलवली. मला ते आईला सांगायचं होतं, पण मी आत गेले तेव्हा तिनं माझ्या चेहऱ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, “राहू दे. सांगू नकोस.”

दुपारची वेळ होती. उदय जेवण आणायला गेला होता. आईचा उजवा हात बँडेजमध्ये गुंडाळून उशीवर ठेवलेला. तिनं डाव्या हातानं माझा डावा हात जवळ ओढला. चुडा तेव्हा बराचसा हातांत होता. ती एकेक बांगडी अंगठ्यानं फिरवत राहिली.

“वैजू, एक विचारू?”

“विचार की.”

“या हाताच्या बांगड्या तूच सारत होतीस ना गं पुढं?”

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तिनं माझा हात दाबला.

“मला कळलं होतं,” आई म्हणाली. “करंगळी मेली होती माझी. अंगठा नव्हता मेला. त्याला सगळं कळत होतं. पहिल्या बांगडीलाच कळलं, हात सैल नाहीये पोरीचा.”

“आई, मी फक्त...”

“रागावले नाही गं. माझ्यासाठीच केलंस ना. पण एकसुद्धा बांगडी मी भरली नव्हती, बाळा. मग नमस्कार कशाचा घेऊ, सांग?”

मी उठले आणि कॉटच्या पायथ्याशी जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. तिनं दोन्ही पाय चादरीत ओढून घेतले.

“उगाच नाही घ्यायचा गं,” म्हणाली. मग मला हात धरून वर ओढलं, माझं डोकं आपल्या कुशीत घेतलं, आणि उदय डबा घेऊन येईपर्यंत चांगल्या हातानं मला थोपटत राहिली.